दाताखालची राख

सांबऱ्याच्या विमानतळासमोर त्या मंगळवारी सकाळी एक टेम्पो थांबला आणि त्यातून अठरा माणसं उतरली. विमानात बसणारी त्यांतली दोघंच. बाकीची सोळा पोचवायला आलेली. त्यांच्यातल्या रवळूनं हलगी आणली होती. दारावरच्या पोलिसानं वाजवायची नाही म्हणून दटावलं, तेव्हा ती काखेत मारून तो बोटांनीच ताल धरून उभा राहिला.

जाणारी दोघं म्हणजे आण्णाप्पा आणि त्याची बायको रुक्माबाई. आण्णाप्पानं मच्छे गावच्या एका फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, चौतीस वर्षं काढली होती. साच्यातून निघालेल्या ओतीव भागांवरची, म्हणजे पिसांवरची, वाळू झाडायची, कडा घासायच्या आणि कुठला पीस पुढं जाऊ द्यायचा, कुठला नाही, ते ठरवायचं, असं त्याचं काम. त्याचा मुलगा सूरज पलटणीत होता. मागच्या हिवाळ्यात बर्फाखाली गाडल्या गेलेल्या दोन सोबत्यांना त्यानं हातांनी उकरून बाहेर काढलं होतं, आणि त्याबद्दल बुधवारी सकाळी दहा वाजता दिल्लीच्या छावणीत त्याच्या छातीवर पदक लागणार होतं. आईबापाला निमंत्रण होतं. पहिल्या रांगेत दोन खुर्च्या त्यांच्या नावानं ठेवल्यात, असं सूरजनं तीनदा फोन करून सांगितलं होतं.

आगगाडीनं जायचं म्हणजे दोन दिवस, म्हणून विमान. आणि विमान म्हणजे तर घरचंच काम होतं, कारण आण्णाप्पाची थोरली लेक तेजस्वी याच विमानतळावर इंजिनियर होती. आलेलं विमान तपासायचं, आणि ते उडायला ठीक आहे अशी सही करायची. तिची सही झाल्याशिवाय विमान जागचं हलत नाही, हे आपण काकती गावापर्यंतच्या कुणाकुणाला सांगितलंय, ते आण्णाप्पानं टेम्पोत नावं घेऊन मोजून दाखवलं. मेव्हणा परशराम म्हणाला, आता ड्रायव्हरला तेवढं सांगायचं राहिलंय. ड्रायव्हर म्हणाला, मला दोनदा सांगून झालंय.

निघताना परशरामनं वेशीवर नारळ फोडला होता. त्यांच्या भावकीत रीत होती. लांबच्या वाटेला निघालेल्या माणसाच्या नावानं वेशीवर नारळ फुटला, की गेलेलं काम झाल्याशिवाय त्यानं वेस परत ओलांडायची नाही. पिशवी विसरली तरी दुसऱ्यानं आणून द्यायची. ही रीत आजवर कुणाला जड गेली नव्हती, कारण निघालेला माणूस बहुतेक जातोच.

रविवारी मात्र तिकडं आफ्रिकेत, इथिओपियात, एक डोंगर फुटला होता. हजारो वर्षं गप्प बसलेला डोंगर, म्हणे. त्याची राख समुद्र ओलांडून सोमवारी रात्री गुजरात, राजस्थान करत दिल्लीच्या आभाळात आली. बातम्यांत दाखवत होते, विमानं रद्द, विमानं वळवली. परशराम टेम्पोत म्हणाला होता, राखंचं एवढं काय कौतुक, आमच्या चुलीत रोज बुट्टीभर असती. सगळे हसले. आण्णाप्पा हसला नाही, कारण तेजस्वीनं आदल्या दिवशी फोनवर त्याला ती राख कसली ते समजावून सांगितलं होतं.

ही लाकडाची राख नव्हे. हा दगडाचा आणि काचेचा भुगा, पिठाइतका बारीक. ढगासारखा दिसतो, कधी तोही दिसत नाही. पावसाचा ढग विमानातल्या यंत्राला कळतो, पण हा भुगा कळत नाही, कारण त्यात पाणी नसतं. विमान त्यात शिरलं तर समोरची काच घासून आंधळी होते. वेग सांगणाऱ्या नळ्या चोंदतात. आणि सगळ्यात वाईट इंजिनात. आत जी आच असते तिच्यात हा भुगा वितळतो, पुढच्या पात्यांवर जाऊन बसतो, तिथं थिजून काच धरतो. वारा कोंडतो आणि इंजिन विझतं. चाळीसेक वर्षांमागं जावा बेटाजवळ एका मोठ्या विमानाची चारही इंजिनं अशी विझली होती. आभाळातून नुसतं तरंगत खाली आलं. राखेच्या बाहेर आल्यावर इंजिनं पुन्हा धरली, म्हणून माणसं वाचली.

आण्णाप्पाला इंजिनातलं काही कळत नव्हतं, पण काच धरणं म्हणजे काय ते त्याला पक्कं ठाऊक होतं. वितळलेल्या लोखंडाचा रस जास्त तापला की साच्यातली वाळू जळून पिसाला चिकटते. वरून काचेसारखी चकाकते. छिन्नी मारली तर छिन्नीची धार जाते, वाळू जात नाही. अशा पिसांपायी त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नीट मिटत नव्हती.

दोघं आत गेली. बाकीची सोळा बाहेर झाडाखाली बसली, विमान डोक्यावरून गेलेलं बघूनच परतायचं म्हणून. रुक्माबाईनं लुगड्याचा घोळ चारदा नीट केला. तिनं सूरजसाठी बेसनाचे लाडू घेतले होते, आणि तपासणीच्या यंत्रातून डबा पलीकडं येईपर्यंत ती यंत्राच्या तोंडाशी वाकून उभी होती.

वरच्या दालनात मोठी काच होती. काचेतून पटांगण दिसत होतं. दहाला दहा कमी असताना विमान उतरलं, आलं, समोर येऊन थांबलं. माणसं उतरली. आणि मग पिवळं जाकीट घातलेली एक सडपातळ बाई विमानाखाली शिरली. रुक्माबाई म्हणाली, आपली तेजू. आण्णाप्पा उठून काचेशी गेला. लेकीला कामावर असताना त्यानं आजवर कधी बघितलं नव्हतं.

ती नाकाकडून सुरू झाली. बॅटरी घेऊन समोरच्या काचेच्या कडा बघितल्या. वाकली, नळ्यांशी थांबली. पंखाची पुढची धार तिनं तळहातानं चाचपली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग इंजिनाच्या तोंडाशी आली आणि आत वाकली. बराच वेळ तिची पाठच दिसत होती. बाहेर आली तेव्हा ती उजव्या हाताच्या बोटाकडं बघत होती. मग तिनं इकडं तिकडं बघितलं, कुणी बघत नाही असं बघून ते बोट दातांना लावलं, आणि तोंड वळवून थुंकली.

त्या दालनात साठ-सत्तर माणसं होती. बघितलं असेल आणखी कुणी, पण कळलं एकट्या आण्णाप्पाला.

फौंड्रीत वाळूची गाडी आली की जुनी माणसं चिमूटभर वाळू दाताखाली धरायची. माती असली तर विरघळते. खरी वाळू करकरते. आता त्याला यंत्रं आलीत, पण आण्णाप्पाच्या वेळी गाडी परत पाठवायची का ठेवायची ते दातावर ठरायचं. शनिवारची अर्धी शाळा सुटली की तेजस्वी बापाचा डबा घेऊन फौंड्रीवर यायची. आठ वर्षांची असेल. एकदा तिनं विचारलं, आप्पा, माती का खातासा. त्यानं तिच्या एका तळहातावर शेतातली माती ठेवली, एका हातावर वाळू, आणि डोळे मिटून सांग म्हणाला. पोरीनं पहिल्या फटक्याला सांगितलं. मग महिनाभर ती दिसेल ते दाताखाली धरायची. रुक्माबाईनं दोघांनाही बोल लावला होता.

सांबऱ्याची धूळ तांबडी. विमानाला ती लागणारच. पण ती विरघळते.

विरघळली असती तर पोरगी पुढं गेली असती, पण काचेपलीकडं तेजस्वी पुन्हा इंजिनात वाकली होती. आण्णाप्पा खुर्चीकडं परत आला आणि बायकोला हळूच म्हणाला, “आज आपलं जाणं न्हाय.”

रुक्माबाईला वाटलं, याला विमानाची भीती वाटली. तिनं पाण्याची बाटली पुढं केली.

अर्ध्या तासानं काउंटरवरच्या धवल नावाच्या मुलानं माइकवर सांगितलं. हे विमान काल संध्याकाळी राजस्थानावरून उडालेलं आहे. राखेच्या कारणानं त्याची आणखी तपासणी करावी लागेल. आतून बघायचा कॅमेरा बेंगळूरहून रस्त्यानं येतोय. आजची फेरी रद्द आहे, दिल्लीला दुसरं विमान आज नाही.

मग जो गोंधळ व्हायचा तो झाला. माणसं काउंटरवर तुटून पडली. सगळ्यांच्या पुढं काळा कोट हातावर टाकलेले एक वकील होते, श्रीपाद नावाचे, टिळकवाडीतले. उद्यापासून दिल्लीला त्यांचं मोठं काम होतं. बाहेर झाडाखाली बातमी गेली तसा परशरामचा फोन आला. आण्णाप्पानं फोन कानाला लावला, आणि परशराम एवढ्या मोठ्यानं बोलत होता की रुक्माबाईलाही सगळं ऐकू गेलं. बाकीच्यांना दाद मागायला जागा नाही, ते आपलं नशीब. पण तुझी तर पोटची पोर आहे. तिला सांग. पोराला पदक लागणार, आयुष्यात एकदा. खुर्च्या रिकाम्या राहणार. नारळ फुटलाय, गावात परत कसा येणार? विमान तिकडनं इकडं नीट आलं, ते इकडनं तिकडं जाईल की. एका सहीचा तर सवाल.

आण्णाप्पानं फोन बंद केला. पण रुक्माबाईच्या मनात ते बोलणं बसलं. तिनं स्वतःच लेकीला फोन लावला. सूरजचं नाव घेतलं, खुर्च्यांचं सांगितलं, आणि फोन नवऱ्याच्या हातात दिला.

तेजस्वीचा आवाज कोरडा होता. ती म्हणाली, “आप्पा, वरच्या साहेबांचा फोन येऊन गेलाय. त्यांनी बी विचारलं, नक्की काय दिसलं म्हणून. मला आतलं काय बी दिसलेलं न्हाय. नुसती धूळ बोटाला लागली.”

आण्णाप्पाला त्या वेळी सूरज दिसत होता. उद्याच्या कपड्यांना इस्त्री करून बसलेला. एक शब्द बोलला असता तर पोरीनं काय केलं असतं, ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि ते कळून घ्यायचीही त्याला इच्छा नव्हती. त्यानं एवढंच विचारलं, “विरघळली का करकरली?”

आप्पांनी काचेतून बघितलं हे तिच्या ध्यानात आलं असावं.

“करकरली.”

“मग बस झालं. तुझ्या आईला मी बघतो.”

काउंटरवर वकीलसाहेबांचा आवाज चढला होता. ते म्हणत होते, ही सही अडवणारी कोण इंजिनियर आहे, तिचं नाव लिहून द्या, मी तक्रार करणार आहे. धवल बिचारा नाव सांगावं की नाही या विचारात होता. आण्णाप्पा गर्दीतून पुढं गेला. धोतर, टोपी, अंगात सूरजनं आणलेलं जाकीट. कुणीतरी म्हणालं, आजोबा, लाइनीत या.

“नाव मी सांगतो,” आण्णाप्पा म्हणाला. “तेजस्वी. माझी पोरगी हाय. लिवून घ्या, काना-मात्रा न चुकता.”

वकीलसाहेब बघत राहिले. म्हणाले, “तुम्ही कुठं निघाला होता?”

आण्णाप्पानं सांगितलं. पोराचं पदक, उद्या दहाला. मग त्यानं सांगितलं की त्यानं चौतीस वर्षं जळकी वाळू खरवडलीय, आणि वाळू काच धरती तेव्हा काय होतं ते हातांना विचारा. त्यानं उजवा हात पुढं केला आणि मिटून दाखवला. दोन बोटं बाहेरच राहिली. “ही बोटं जमिनीवर गेली. वर असतो तर काय काय गेलं असतं?”

गर्दी एकदम शांत झाली असं नाही. मागची माणसं भांडतच होती. पण वकीलसाहेबांनी कोट दुसऱ्या हातावर घेतला आणि रुक्माबाईच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, डब्यात काय आहे. तिनं लाडू दिला.

बाहेर आल्यावर नारळाचा प्रश्न उभा राहिला. परशराम गाडीत बसा म्हणेना आणि बसू नका असंही म्हणेना. टेम्पोतली माणसं एकमेकांकडं बघत होती. शेवटी आण्णाप्पानंच सांगितलं, काम झालेलं नाही, आम्ही वेस ओलांडत नाही. तेजस्वीची सांबऱ्यात भाड्याची खोली होती. दोघं तिथं राहिली. रवळूनं निघताना हलगीवर एक थाप मारली, पण ती कशासाठी मारली ते त्यालाही सांगता आलं नसतं.

सूरजला आण्णाप्पानंच कळवलं. सूरजनं, आक्कानंच अडवलं का, एवढं विचारलं. व्हय म्हटल्यावर म्हणाला, ठीक आहे. पण त्या ‘ठीक आहे’मागं काय होतं, ते बापाला कळलं. रुक्माबाईला त्यानं ते सांगितलं नाही.

बुधवारी सकाळी तेजस्वी खोलीवर आली ती थकून आली. कॅमेरा आला होता. दोन्ही इंजिनांत घालून, पातं न् पातं बघून झालं होतं. एक इंजिन लख्ख. दुसऱ्यात दोन-चार पात्यांवर बारीक ठिपके, पुसलं तर जाणारे. तोंडाशी राख होती, पण आत काच धरलेली नव्हती. विमान राखेच्या कडेनं निसटून आलं होतं. सगळं धुऊन, नळ्या साफ करून, दुपारी विमान सोडता येणार होतं. वरच्या साहेबांनी फोनवर हसून म्हटलं होतं, मॅडम, पुढच्या वेळी बोट घालायच्या आधी मला फोन करा. ती हे सगळं सांगत होती आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायचं टाळत होती. दहाला पाच कमी होते.

“उगंच अडवलं, आप्पा,” ती म्हणाली. “आत काय बी नव्हतं.”

आण्णाप्पा चहा पीत होता. त्यानं बशी खाली ठेवली.

“आमच्याकडं संशयाचा लॉट आला, की त्यातला एक पीस घणानं फोडायचा. आत बघायला. धा वेळा फोडला तर नऊ वेळा चांगला निघायचा. मालक बोंबलायचे, आण्णाप्पा, चांगला माल फोडलास रं. मी म्हणायचो, मालक, चांगला हुता हे आत्ता कळलं न्हवं का? फोडायच्या आधी कुणाला ठाऊक हुतं?” तो थांबला. “चौतीस वर्षांत मी लई चांगलं पीस फोडलंत. त्यातल्या एकाची बी मला लाज वाटत न्हाय. तू आज लाजलीस तर मातूर मला वाटंल.”

रुक्माबाईनं तिच्यासमोर ताट सरकवलं आणि आधी जेव म्हणाली.

साडेदहाला सूरजचा फोन आला. पदक लागलं होतं. पाठीमागं बँडचा आवाज येत होता. त्यानं सांगितलं, खुर्च्या रिकाम्या बघून मोठ्या साहेबांनी विचारलं, आईवडील कुठं आहेत. मी सांगितलं, आक्कानं त्यांचं विमान राखेपायी थांबवलं. साहेबांनी विचारलं, स्वतःच्या आईवडिलांचं? म्हटलं, व्हय सर. मग साहेबांनी तिचं नाव विचारून घेतलं. हे सांगताना सूरजचा आवाज कालच्यासारखा राहिला नव्हता. आक्काला फोन दे म्हणाला. बहीणभाऊ काय बोलले ते तिनं सांगितलं नाही, पण बोलता बोलता ती एकदा हसली.

दुपारी कंपनीनं सगळ्यांना पुन्हा बोलावलं. तेजस्वीला वाटलं होतं की समारंभ झालाच आहे, आता आप्पा कशाला जातात. पण आण्णाप्पा टोपी घालून तयार होता. सूरजला चार दिवसांची रजा होती, ते एक कारण. दुसरं कारण त्यानं बोलून दाखवलं नाही. तिनं अडवलेल्या विमानात तो बसला नव्हता. आता तिनं सोडलेल्या विमानात त्याला बसायचं होतं.

शिडीपाशी माणसं रेंगाळत होती. काल हेच विमान धोक्याचं होतं आणि आज ठीक कसं, अशी कुजबुज चालली होती. दोघातिघांनी तिकीटच बदलून घेतलं होतं. वकील श्रीपाद कोट घालून उभे होते, पण पाय पहिल्या पायरीवर पडत नव्हता. आण्णाप्पाला बघून ते बाजूला झाले आणि म्हणाले, “आधी तुम्ही.”

आण्णाप्पा चढला. कठड्याला न धरता चढला. रुक्माबाई मागून डबा सांभाळत आली. दाराशी उभ्या असलेल्या मुलीनं नमस्कार केला तेव्हा त्यानं तिला सांगून टाकलं, की खालचं सगळं आमच्या तेजस्वीनं बघितलंय. मुलगी म्हणाली, हो, मॅडमची सही आत्ताच आली. ते त्यानं मागं वळून रुक्माबाईला सांगितलं, आणि रुक्माबाईनं आपल्याला ऐकू आलं म्हणून सांगितलं.

खिडकीतून पटांगण दिसत होतं. पिवळं जाकीट घातलेली तेजस्वी विमानापासून लांब जाऊन उभी राहिली. तिनं लाल फीत लावलेला एक खिळा हात वर करून पुढं बसलेल्या पायलटला दाखवला. आपण चाकाशी लावलेलं काही मागं विसरलेलो नाही, असा त्याचा अर्थ, पण आण्णाप्पाला तो ठाऊक नव्हता. त्याला एवढंच दिसलं, की एवढं मोठं विमान तिच्या हाताकडं बघत थांबलंय.

इंजिन धरलं. आधी घरघर, मग एक बारीक शीळ, ती चढत चढत गेली. पलीकडच्या खुर्चीत वकीलसाहेबांनी दोन्ही हातांनी कडा घट्ट धरल्या होत्या. ते वाकून म्हणाले, “हा आवाज बरोबर आहे ना हो?”

आण्णाप्पानं असला आवाज जन्मात ऐकला नव्हता.

“बरोबर हाय,” तो म्हणाला, आणि लेक दिसेनाशी होईपर्यंत खिडकीशी वाकून राहिला.